आधी तक्रारीची वाट ठरवा, मग समितीचा कागद

प्रश्न थोडक्यात असा : हिंगणा एमआयडीसीत पॅकेजिंगचा कारखाना आहे. कायम कामगार आणि ऑफिसचा स्टाफ मिळून शंभराच्या आसपास, ठेकेदाराकडची माणसं वेगळी. धरमपेठेत छोटं ऑफिस आणि अमरावती-चंद्रपूरकडे फिरणारी विक्रीची मुलं-मुली. एका मोठ्या ग्राहक कंपनीने ऑडिटमध्ये पॉश समितीची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची, कागदपत्रं मागितली. मालकांचं म्हणणं, ऑर्डर काढा, बोर्डवर लावा, विषय संपवा. एचआर सांभाळणाऱ्या ताई विचारतात, एवढ्याने भागतं का? आणि खरोखर तक्रार आली तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

ताई, एवढ्याने भागत नाही, आणि तुम्हाला ते जाणवलं म्हणूनच तुम्ही विचारलंत. नागपूर आणि आसपासच्या कारखान्यांत, दवाखान्यांत, शिक्षणसंस्थांत मी बरीच वर्षं समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून काम करते आहे. ऑर्डर नीट, पॉलिसी नीट, बोर्ड चकचकीत आणि वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही, अशा संस्था मी पुष्कळ पाहिल्या. तिथले साहेब समाधानाने सांगतात, "आमच्याकडे तसं काही होतच नाही." मग मी पॅकिंगमध्ये किंवा सफाईच्या बायकांमध्ये जाऊन बसते आणि विचारते, काही झालं तर कोणाला सांगाल? उत्तर बहुतेक वेळा येतं, "ठेकेदाराले सांगू." नाहीतर, "कोणाले सांगाव, मॅडम?" म्हणून माझं सांगणं एकच आहे. तुमच्या कारखान्यात सगळ्यात कमी मजुरीची, सगळ्यात कच्च्या नोकरीची जी बाई आहे, तिची तक्रार समितीपर्यंत कशी पोचेल हे आधी ठरवा. ती वाट झाली की त्यावरून बाकी सगळ्या येऊ शकतात. मॅनेजर मॅडमसाठी आखलेली वाट मात्र शॉप फ्लोअरपर्यंत कधीच उतरत नाही.

हा कायदा तरी आला कुठून? राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात भंवरी देवी 'साथिन' म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करत होत्या. त्यांनी एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, त्याचा राग धरून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना ओढवलेला अत्याचार, पण काम देणाऱ्याची जबाबदारी कुठेच लिहिलेली नव्हती. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून देणारा विशाखा निकाल आला. पुढची सोळा वर्षं त्या मार्गदर्शक तत्त्वांवरच काम चाललं. ९ डिसेंबर २०१३ पासून कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि त्याचे नियम लागू झाले. म्हणजे सुरुवातच उतरंडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईपासून झालेली आहे. आपण मात्र समिती करताना एसी केबिनमधून सुरुवात करतो.

तर पहिला मुद्दा, मोजायचं कोणाला. कायद्याने कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस आणि ठेकेदारामार्फत आलेले, सगळे. ठेकेदाराने कोणाला आणलं हे मुख्य मालकाला माहीत नसलं तरीही. तक्रार करणारी बाई तर कर्मचारी असण्याचीसुद्धा अट नाही. ऑडिटला आलेली मुलगी, कॅन्टीनला भाजी देणारी बाई, कोणीही. कामाची जागा म्हणजे फक्त गेटच्या आतली जागा नव्हे. कंपनीने दिलेली शिफ्टची बस, चंद्रपूरला व्हिजिटसाठी गेल्यावर डीलरचं दुकान, मुक्कामाचा लॉज, हे सगळं कामाच्या ठिकाणात येतं. विक्रीच्या मुलींना हे आवर्जून सांगा. बाहेरगावी घडलेलं आपल्या कंपनीत सांगता येतं हेच त्यांना ठाऊक नसतं.

आता समिती. अध्यक्षपदी त्या ठिकाणी काम करणारी वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती. एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. धरमपेठेच्या ऑफिससाठी वेगळी लेखी ऑर्डर काढा. तिथे वरिष्ठ महिला नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या ऑफिसमधली, तीही नसेल तर दुसऱ्या संस्थेतली घ्यायची मुभा कायदा देतो. एवढं कुठल्याही नमुन्यात सापडेल. अडतं ते माणसं निवडताना.

आपल्याकडच्या घरगुती मालकीच्या कारखान्यांत हटकून एक गोष्ट होते. मालकांच्या पत्नी किंवा सूनबाई संचालक असतात, त्यांनाच अध्यक्ष करतात. हेतू वाईट नसतो, "घरचंच माणूस आहे, गुप्तता राहील" असं वाटतं. पण सुपरवायझर मालकांच्या गावचा, वीस वर्षं जुना, दिवाळीला घरी जेवायला येणारा. त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन ठेक्यावरची बाई वहिनीसाहेबांसमोर उभी राहील का? नाही राहणार. वहिनीसाहेबांनी कितीही न्यायाने ठरवलं तरी निकालावर कोणाचा विश्वास बसणार नाही, ना तिचा, ना त्याचा. अकाउंट्स, क्वालिटी, परचेस अशा विभागातली अनुभवी, ज्यांना लोक मानतात आणि ज्यांचं तोंड बंद राहतं अशी महिला शोधा. ताई, तुम्ही स्वतः अध्यक्ष होऊ नका असा माझा सल्ला आहे. कायद्याची आडकाठी नाही, पण पगारवाढ, मेमो, ठेकेदाराची बिलं हे सगळं तुमच्या टेबलावरून जातं. तुम्ही सदस्य राहा, नोंदी आणि तारखा सांभाळा. आणि कर्मचारी सदस्यांपैकी एक जण शॉप फ्लोअरवरचा हवाच. शिफ्ट कशी चालते, मशीन कुठे आहे, ओव्हरटाइम म्हणजे ओटी कोण लिहितं, हे केबिनमधल्या माणसाला चौकशीत कळत नाही.

बाह्य सदस्य नावापुरता घेऊ नका. जिने वा ज्याने एकही चौकशी पाहिलेली नाही, किंवा जो तुमच्याच कंपनीच्या लेबर केसेस चालवतो, तो नको. नियमांत बाह्य सदस्याला दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च लिहिलेला आहे. त्यावर चांगलं माणूस दिवसभर बसून जबाब घेईल अशी अपेक्षा धरू नका. वाजवी मानधन द्या आणि वर्षातून एकदा तरी कारखान्यात बोलावून बायकांशी ओळख करून द्या. ओळखीच्या चेहऱ्याला फोन करणं सोपं जातं.

मालक स्वतःच ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो असेल, तर तुमची समिती कामाची नाही. ती तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या तक्रारीही तिकडेच. स्थानिक समिती जिल्हा अधिकारी नेमतात, आणि नागपूरसाठी तिची माहिती विचारायची जागा म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं जिल्हाधिकारी कार्यालय. हा पत्ता तुमच्या नोटीस बोर्डवर असलाच पाहिजे. मालकाच्या कारखान्यात मालकाविरुद्ध कुठे जायचं हे लिहिणं कित्येकांना जड जातं. पण ती ओळ वाचून कामगार बाईला कळतं की हा कागद खरा आहे. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते, तेही लिहा.

तक्रारीची वाट म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगते. बोर्ड मराठीत आणि हिंदीत हवा, कारण तुमच्याकडे भंडाऱ्याच्या बायका असतील तशा बालाघाट-छिंदवाड्याच्याही असतील. समितीतल्या प्रत्येकाचं नाव, विभाग आणि मोबाइल नंबर. बोर्ड रिसेप्शनला लावा, पण त्याच्याआधी बायकांच्या चेंजिंग रूममध्ये, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि शिफ्टच्या बसमध्ये लावा. कोणी बघत नसताना नंबर टिपून घेता आला पाहिजे. तक्रारपेटी ठेवायची तर कॅमेऱ्याखाली आणि सिक्युरिटीच्या टेबलासमोर ठेवू नका. समितीचा ई-मेल वेगळा असावा आणि त्याचा पासवर्ड आयटीवाल्याकडे नसावा. दुसऱ्या पाळीतल्या बाईला समितीतलं कोणी तरी संध्याकाळी सातनंतरही फोन उचलणारं मिळालं पाहिजे. आणि बाई सहसा समितीकडे थेट येत नाही. ती आधी लाइनवरच्या मावशीला, नर्सला, कॅन्टीनच्या काकूंना सांगते. अशा चार-पाच जणींना बसवून नीट समजावून ठेवा : ऐकून घ्या, "तूच काही केलं असशील" म्हणू नका, कोणाला सांगू नका, आणि तिला समितीतल्या अमक्या ताईंचा नंबर द्या. तुमचं निम्मं काम या बायका करतील.

आता पहिला दिवस. तक्रार लेखी असावी लागते आणि घटनेपासून, किंवा प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. पण बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं ही समितीची कायदेशीर जबाबदारी आहे. "अर्ज लिहून आण" म्हणून परत पाठवायचं नाही. आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, म्हणून जरा थांबून सांगते.

बाई सांगते एक आणि अर्जात उतरतं, "सदर इसमाने माझ्याशी गैरवर्तन केले, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती." या वाक्यात सगळं येतं आणि सिद्ध काहीच होत नाही. आता एक नमुना घ्या, समजावण्यासाठी मी बनवलेला. ती सांगते : "दुसऱ्या पाळीत, चहाच्या सुट्टीनंतर, स्ट्रॅपिंग मशीनपाशी दोन टेबलांच्या मधून तो जाते. जागा असते तरी आंगाले आंग घासून जाते. मी सरकली त तोही सरकते. शनिवारी म्हणे, ओटी पायजे ना तुले, मंग असं काऊन करतं?" हे जसंच्या तसं लिहा. तिच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत. शुद्ध करायला जाऊ नका. कारण यात वेळ आहे, जागा आहे, वारंवार घडल्याचं आहे. ती बाजूला सरकते, म्हणजे तिला ते नको आहे आणि त्याला ते कळलेलं आहे. शेवटच्या वाक्यात ओटीचं आमिष आहे. नोकरीतल्या फायद्याचं सूचक आश्वासन किंवा नुकसानीची धमकी यांचा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट उल्लेख आहे. आता समितीला कुठे बघायचं ते कळलं : त्या महिन्यांचं ओटी रजिस्टर, पाळीचं मस्टर, मशीनची जागा, त्या दोन टेबलांमधलं अंतर. हे सगळं एका "गैरवर्तन" शब्दाखाली गाडलं गेलं असतं.

लिहून झालं की तिला वाचून दाखवा, तिला समजेल अशा भाषेत, तिने सांगितलेली दुरुस्ती करा, मग सही किंवा अंगठा घ्या. नियमाने सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. झेरॉक्सचा खर्च आणि खटपट तुमची, तिची नाही. त्याच दिवशी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवायचं लेखी पत्र द्या. बहुतेक ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवं चढतं, आणि "फुटेज उपलब्ध नाही" हे वाक्य मग दोन्ही बाजूंना संशय घ्यायला पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज असतील तर नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ फोन समितीने पाहिल्याची नोंद करा, आणि तिला सांगा की चॅट उडवू नकोस.

त्याच दिवशी तिला पोलिसांचाही मार्ग सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ हा गुन्हा आहे. तिने पोलिसांत जायचं ठरवलं तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि पोलिसांत गेली म्हणून समितीची चौकशी थांबत नाही. "आधी समिती, मग बघू" असं तिला अडवणं चूक आहे.

पुढच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात इतक्या महत्त्वाच्या. तक्रार आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत त्या पुरुषाला, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, सगळी चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालानंतर साठ दिवसांत मालकाने कारवाई करायची. अपील नव्वद दिवसांच्या आत. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कोणालाच आणता येत नाही.

चौकशीच्या काळात तिला संरक्षण मागता येतं : तिची किंवा त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, जी तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही, आणि तिच्या कामाचा अहवाल त्याच्याऐवजी दुसऱ्याने लिहिणं. हे तिच्या लेखी मागणीवरूनच होतं. मी पाहते ते असं की मागणी नसताना "तुझ्याच सोयीसाठी" म्हणत तिलाच हलवतात. हिंगण्याची बाई बुटीबोरीच्या युनिटला टाकली तर तिचा जाण्यायेण्यात दीड-दोन तास जास्त जातो, घरी पोरांचं कोण बघणार हा प्रश्न उभा राहतो, आणि ती महिन्याभरात काम सोडते. हलवायचंच असेल तर आधी त्याला हलवता येईल का ते पाहा.

त्याच्या बाजूचंही तितक्याच ठामपणे सांगते. समिती म्हणजे महिला मंडळ नव्हे, ती चौकशी करणारी संस्था आहे. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तिला आहेत, आणि म्हणूनच न्यायाची रीत पाळणंही तिला बांधील आहे. त्याला तक्रारीची पूर्ण प्रत, पुराव्यांच्या प्रती, साक्षीदार आणायची संधी, उलट प्रश्न विचारायची संधी मिळालीच पाहिजे. समोरासमोर बसवण्याची गरज नाही. आम्ही प्रश्न लेखी मागवतो, समिती ते वाचते, तिच्या चारित्र्यावरचे, कपड्यांवरचे, नवऱ्याशी पटतं की नाही असले प्रश्न कारण लिहून बाजूला काढते आणि उरलेले अध्यक्ष तिला विचारतात. उत्तरं त्याच दिवशी टाइप करून दोघांच्या सह्या. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. कारण समितीने घाईघाईने बैठका उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. तोपर्यंत तक्रारींना चौदा वर्षं होऊन गेली होती. घाईची किंमत तक्रार करणाऱ्यांनाच मोजावी लागते. त्याच प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने देशभर जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुका पातळीवरचे नोडल अधिकारी नेमण्याचे आदेश दिले, त्यामुळे आता कुठल्याही जिल्ह्यात "समितीच नाही" हे उत्तर चालायचं नाही.

एक पायरी जवळजवळ सगळे विसरतात. दोघंही कर्मचारी असतील तर समितीने आपले निष्कर्ष दोघांना द्यायचे, त्यावर त्यांचं म्हणणं मागवायचं आणि मगच अहवाल पक्का करायचा. हे कलम ११ मध्येच आहे. ते सुटलं की पुढे अपिलात आयतं कोलीत मिळतं.

"साक्षीदारच नाही" म्हणून समित्या हात टेकतात. असले प्रकार साक्षीदार ठेवून होत नाहीत. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. कोणाचं म्हणणं जास्त शक्य वाटतं हे तोलायचं. तिने त्याच दिवशी मैत्रिणीला सांगितलं का, दुसऱ्या दिवसापासून ती वाट बदलून जाऊ लागली का, त्या तारखेनंतर तिचा ओटी अचानक बंद झाला का? आणि त्याने सांगितलेली हकिकत मस्टरशी जुळते का? अहवालात निष्कर्षाइतकीच कारणं महत्त्वाची. "समितीच्या मते आरोप सिद्ध होतो" एवढ्या ओळीवर अपिलात काही टिकत नाही.

मालक पहिला प्रश्न विचारतील तो खोट्या तक्रारीचा. त्यांना कलम १४ दाखवा. जाणूनबुजून, वाईट हेतूने खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते. पण तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी, असं धरता येत नाही, हे कायद्याने त्याच कलमात लिहिलं आहे. "खोटी तक्रार केल्यास कठोर कारवाई" असं लाल अक्षरात बोर्डवर छापणारे कारखाने मी पाहिले आहेत. तो बोर्ड वाचणारी बाई पुन्हा तोंड उघडत नाही. ती ओळ काढून टाका.

आणि मिटवामिटवी. आपल्याकडे चार वडीलधारे बसवून, "पोरीची बदनामी होईल, त्याचीही बायकापोरं आहेत" म्हणत विषय संपवायची सवय आहे. कायद्यात सलोखा आहे, पण चौकशी सुरू व्हायच्या आधी आणि फक्त तिने मागितला तर. पैसे देऊन तडजोड करता येत नाही. समितीने सुचवायचंसुद्धा नाही. सलोखा झाला तर अटी लेखी नोंदवा आणि त्याने त्या मोडल्या तर चौकशी सुरू करा.

आरोप सिद्ध झाला तर लेखी माफीपासून ताकीद, बढती-वेतनवाढ रोखणं, समुपदेशन आणि नोकरीतून काढण्यापर्यंत शिफारस करता येते, आणि भरपाईसुद्धा, जी त्याच्या पगारातून कापता येते. भरपाई ठरवताना तिला झालेला मानसिक त्रास, हुकलेली संधी, औषधपाण्याचा खर्च आणि त्याची ऐपत बघायची. त्यासाठी तुमच्या स्थायी आदेशांत किंवा सेवा नियमांत लैंगिक छळ हे गैरवर्तन म्हणून आधीच लिहिलेलं हवं. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिला पुन्हा दुसऱ्या चौकशीत उभं करू नका.

गुप्ततेबद्दल इतकंच. तिचं, त्याचं, साक्षीदारांचं नाव, तक्रारीतला मजकूर, निकाल, काहीच बाहेर जायचं नाही. फाइल कुलुपात, टायपिंग सदस्यानेच करायचं, नोटिशी बंद पाकिटात. चहा घेऊन येणारा मुलगा बैठक चालू असताना आत नको. कारखान्यात बातमी त्याच्याबरोबर बाहेर पडते.

बाकीचं कागदोपत्री आहे, पटकन सांगते. वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, ठेक्यावरच्यांसह, कामाच्या वेळेत आणि पगारी. कॅलेंडर वर्षाचा वार्षिक अहवाल समितीने मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा, तक्रार शून्य असली तरी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तुमच्या सीएंना विचारून घ्या, कारण जुलै २०२५ पासून संचालकांच्या अहवालात आलेल्या, निकाली निघालेल्या आणि नव्वद दिवसांपेक्षा जास्त रखडलेल्या तक्रारींचे आकडे द्यावे लागतात. समिती नेमलीच नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तेच झालं तर दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मालकांना ही एक ओळ दाखवा, सही लवकर मिळेल.

ठेकेदाराचं मात्र सविस्तर करा. करारात लिहून घ्या की त्याची माणसं तुमच्या समितीसमोर येतील आणि तिच्या शिफारशीप्रमाणे तो कारवाई करेल. बाई तुमची आणि माणूस त्याचा, म्हणून आमचा अधिकार नाही, ही पळवाट आता उरलेली नाही. त्रास देणारा दुसऱ्या खात्यातला असला तरी महिलेच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे.

आणि निकालानंतरचे सहा महिने तिच्यावर लक्ष ठेवा. कायम कामगार बाईवर सूड उगवायचा तर मेमो द्यावा लागतो, तो दिसतो. ठेक्यावरच्या बाईला कोणी काढत नाही, तिला फक्त बोलावणं बंद होतं. "आज काम नाही, उद्या सांगतो," असं चार दिवस चालतं, मग ती दुसरीकडे धुणीभांडी धरते आणि रजिस्टरमध्ये "स्वतःहून सोडले" असं लागतं. तक्रार आली त्या महिन्यापासून दर महिन्याला ठेकेदाराचं मस्टर मागवा, तिचे आणि तिच्या बाजूने साक्ष दिलेल्या बायकांचे भरलेले दिवस आधीच्या तीन महिन्यांशी ताडून पाहा. दिवस कमी दिसले की ठेकेदाराला लेखी कारण विचारा, उत्तर येईपर्यंत त्याचं बिल पास करू नका, आणि ते पत्र समितीच्या फाइलला लावा.